सिस्टर, लस मागू नका

प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्यानं रुजू झालात ना? मग एक ऐका, हिपॅटायटिस बीच्या, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या, लसीचं नाव काढू नका. पहिला डोस आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. तोवर तुमची बदली होणार नाही याची हमी कोण देणार? मागितलीच, तर मोठ्या सिस्टर चष्म्यावरून बघतील, ‘काहून जी, आतापासूनच भेव लागून राहिलं का?’

फ्रिजमध्ये लस आहे, हे खरं. पण ती बाळांची. जन्मल्यावर २४ तासांच्या आत तुम्हीच ती टोचायची. २०११ पासून देशभरातल्या बाळांसाठी ही सोय आहे. तुम्ही त्याआधी जन्मलात, यात सरकारची काय चूक? कार्डावर तारीख टाका आणि स्वतःच्या दंडाकडे बघू नका.

इंजेक्शन झालं की सुईला टोपण परत लावायचं, दोन्ही हातांनी, पुढच्या पेशंटशी बोलत. सुई कापून टाकणारा हबकटर आहे, पण कपाटात. किल्ली फार्मासिस्टकडे, आणि फार्मासिस्ट यवतमाळला मीटिंगला. सुयांसाठीचा तो पांढरा, जाड डबा मात्र वाया घालवू नका. चहापत्ती छान राहते त्यात. सुया पिशवीतच टाका, सकाळी सफाईवाल्या बाई उचलतील.

त्यांना हातमोजे? दिले होते की, मागच्या तपासणीच्या दिवशी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत म्हटलंय, की हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या, वर्षातून एकदा तपासणीही करा. पण त्या बाई कंत्राटदाराच्या आणि विषाणू सरकारी दवाखान्यातला. दोघांचा संबंध येईलच कशाला? (येतो. रोज सकाळी येतो, पिशवी उचलताना.)

हा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस तग धरतो. सोमवारी बाळंतपणाच्या टेबलावर पडलेला डाग पुसला नाही, तर रविवारीही तो ड्यूटीवर हजर. आपल्या केंद्रात एवढी हजेरी दुसऱ्या कोणाची आहे, सांगा.

आता समजा, सुई लागलीच. साबण-पाण्यानं हात धुवायला जाल तर नळाला पाणी नाही. बोट तोंडात घाला. ज्या पेशंटची सुई होती त्याचं रक्त तपासायचं म्हणू नका, गावभर चर्चा होते. लस न घेतलेल्याला बाधित पेशंटची सुई लागली, तर शंभरातल्या तिसांपर्यंत लागण होऊ शकते. उरलेल्या सत्तरांत आपणच असणार, नाही का? इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत घ्यायचं असतं. ते जिल्ह्याला मिळतं की नागपूरला, याची चौकशी होईतो शेवटची एसटी निघून जाते आणि चौकशीची गरजही संपते.

तिन्ही डोस घेतलेला एखादा आगाऊ निघतोच. त्याला अँटीबॉडी तपासायला सांगू नका. काहींना लस लागू पडत नाही, आणि ते तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासल्यावरच कळतं. उगाच कोणाचं समाधान का घालवा?

रक्त तपासलं की रिपोर्ट येतो, रिपोर्ट आला की काहीतरी करावं लागतं, त्यापेक्षा न तपासलेलं बरं. लिव्हर तर वर्षानुवर्षं बोलत नाही. पुढंमागं डोळे पिवळे झालेच, तर चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवणारे महाराज आहेतच. त्यांच्याकडे जाऊ नका, असं तुम्हीच पेशंटला सांगत आलात, म्हणून जरा अंधार पडल्यावर जा. गाडी लांब उभी करा.

आणि हो, महिनाअखेरीस सुईच्या इजांचा अहवाल मागतील. ‘निरंक’ लिहा. बोटाला पट्टी असेल तर डाव्या हातानं सही करा, वरती कोणी जुळवून बघत नाही.