मिश्री नाही हो, काकू!

खालच्या मजल्यावरच्या काकू काल तक्रार घेऊन वर आल्या. "दुपारभर आमच्या डोक्यावर पाटा कोण घासतंय?"

पाटा नव्हता, अकीक होता. सह्याद्रीचा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर बसून हा दगड होतो. कापला की कांद्यासारखे पट्टे दिसतात. ते उठून दिसावेत म्हणून मी तो घासतो. जाड सपाट काच, तिच्यावर चिमूटभर कार्बोरंडम, म्हणजे दगड घासायची कठीण पूड, थोडं पाणी आणि इंग्रजी आठच्या आकड्यात फिरणारा हात. नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक: आधी ८० नंबर, मग २२०, ४००, ६००, १०००. दगडावर पेन्सिलच्या रेघा मारून घासायचं. जिथे रेघ उरली तिथे अजून खळगा आहे. शेवटी चकाकीसाठी फेल्टवर, म्हणजे जाड नमद्यावर, सेरियम ऑक्साइडची पूड. दर नंबराला दगड, हात, नखं सगळं धुवायचं, कारण जाड्या नंबरचा एक कण पुढे सरकला की सगळं मुसळ केरात.

पाण्याची वेळ संपायच्या आत हे सगळं उरकायचं, हे वेगळं सांगायला नको. कोरडं घासलं तर सिलिकाची धूळ छातीत बसते. गुजरातेतल्या खंबायतच्या अकीक कारागिरांची फुप्फुसं तिनेच गेली. म्हणून पाणी, आणि पाणी म्हणून चिखल. तो बेसिनमध्ये ओतायची सोय नाही, पाइपात जाऊन बसतो. जुन्या डब्यात साठवून खाली नेला, तर कचरेवाल्या मावशी म्हणतात, "ओला की सुका?" आजवर मला उत्तर देता आलेलं नाही.

तर काकू. त्यांची नजर ८० नंबरच्या उघड्या डबीवर गेली. काळपट, बारीक पूड.

"अगंबाई, मिश्री! तू लावतोस?"

"मिश्री नाही हो, काकू. ८० नंबर आहे."

"आमच्या सासूबाई लावायच्या. तेव्हा नंबर-बिंबर नव्हते." बोट डबीत गेलं. चिमूट नाकाशी आली. "वास कुठाय? आणि किती जाड दळलीय! फसवलं तुला. कुठून आणलीस?"

"नागदेवी स्ट्रीटवरून."

"तरीच! मिश्री कुणी हार्डवेअरच्या बाजारातून आणतं का?"

बोटं पदराला पुसली. मग तोच पदर घेऊन त्यांनी टेबलावरची तयार चकती उचलली. तिच्यात घरातली ट्यूबलाइट अख्खी दिसत होती, कडेच्या काळ्या डागासकट. "धूळ बसलीय रे," म्हणत त्यांनी ती खसाखसा पुसली. अंगठा दाबून, गोल गोल. मी "काकू, काकू" म्हणेपर्यंत काम झालं होतं.

"किती गुळगुळीत! पण एवढ्याशाला इतका वेळ? आमच्याकडे लादी पॉलिशवाला आला होता. दोन खोल्या आणि पॅसेज, एका दिवसात. तोंड दिसतं लादीत. नंबर देऊ त्याचा?"

आता ट्यूबलाइटवर ओरखड्यांची जाळी आहे. दहापैकी मोजायच्या मोह्स मापावर अकीकाची कठीणता सातच्या आसपास, कार्बोरंडमची नऊच्या वर. पदराला त्यातलं काय कळणार. ओरखडा पुसून जात नाही. तो जिथवर खोल गेलाय तिथवर अख्खा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. म्हणजे मागे २२० पर्यंत, आणि पुन्हा सगळ्या पायऱ्या. लोकांच्या घरी ड्रिल चालतं, मिक्सर चालतो, पहाटे अलार्म वाजत राहतात. तेव्हा कुणी वर येत नाही. माणूस गुपचूप दगड घासत बसला की मात्र सगळ्यांना चौकशा. आणि आलात तर आलात, हात लावायलाच हवा का?

आज सकाळी लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणून म्हणाले, "काकूंकडून कळलं. सोड रे ते. दात जातात."