तुर्कांना ‘आजारी’ कोणी ठरवलं?

तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याचा विषय निघाला की कोणीतरी ‘युरोपचा आजारी माणूस’ हे लेबल चिकटवतंच. पण हे निदान कोणाचं? 1853च्या सुरुवातीला रशियाचा झार पहिला निकोलस ब्रिटिश राजदूत हॅमिल्टन सेमूरला सांगत होता, की हा माणूस फार आजारी आहे. त्याच बोलण्यांत, इजिप्त आणि क्रीट तुम्ही घेतलंत तरी माझी हरकत नाही, असंही त्यानं सुचवलं. म्हणजे वैद्यच इस्टेटीवर टपलेला! जुलैत त्याची फौज डॅन्यूबकाठच्या ऑटोमन मुलखात शिरलीसुद्धा.

त्याच्या तीनशे वर्षं आधी सूर वेगळाच होता. ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याचा राजदूत बुस्बेक 1555मध्ये अमास्याला सुलतान सुलेमानाच्या भेटीला गेला. हजारो माणसं जमलेली, पण गलका नाही, जानिसारी (सुलतानाचे खास पायदळ शिपाई) पुतळ्यासारखे उभे. इथे कुळावरून कोणाचा मान ठरत नाही, मेंढपाळांची पोरंही मोठ्या हुद्द्यावर पोचतात, असं त्यानं लिहिलं. कौतुक खरं असेलही, पण त्यातला टोमणा घरच्या ऐदी सरदारांना होता.

1683ला व्हिएन्नाचा वेढा फसला, 1699च्या तहात हंगेरी गेलं, तुर्कांची धास्ती ओसरली. मग 1748मध्ये फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू लिहितो, की तुर्कस्तानात पाशा मर्जीला येईल तसे वादी-प्रतिवादींच्या तळपायांवर फटके देववून त्यांना घरी पाठवतो. गृहस्थानं तुर्कस्तानात पाऊलही टाकलं नव्हतं. माझ्या मते त्याला चिंता होती ती फ्रान्सच्या राजाची, तुर्क आयते सापडले. 1778मध्ये आंकतील द्युपेराँ या फ्रेंच माणसानंच ते खोडून काढलं: तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान, तिन्हीकडे कायदे आहेत, खासगी मालमत्ता आहे. हा स्वतः गोव्याहून मराठी मुलखातून सुरतेला गेलेला. तो मुलूख पाहून त्याला सुवर्णयुगातला साधेपणा आठवला होता! (हेही जरा जास्तच, पण निदान डोळ्यांनी पाहून.)

ऱ्हास झालाच नाही, असं मी म्हणत नाही. ऑटोमन दरबारातल्याच कोची बेनं 1630च्या सुमारास सुलतान चौथ्या मुरादला लाचखोरीबद्दल खरमरीत लिहून दिलंच होतं. पण व्यापाराचं काय? 1838च्या ब्रिटिश-ऑटोमन तहानं ब्रिटिश मालावर एकूण 5 टक्के जकात ठरली, सरकारी मक्तेदाऱ्या गेल्या. तिथला देशी व्यापारी मात्र अंतर्गत जकाती भरतच राहिला. 1875मध्ये ऑटोमन सरकारचं दिवाळं, 1881पासून मीठ-तंबाखूचं उत्पन्न परक्या सावकारांच्या मंडळाकडे. आणि 1914मध्ये तुर्कांनी परकीयांच्या खास सवलती रद्द केल्या, तेव्हा एकमेकांशी लढणाऱ्या युरोपीय सत्तांनी एका सुरात निषेध केला. त्यात तुर्कांचा दोस्त जर्मनीही होता.