ऑफिसचा पीसी घरून उठवायचा ‘दोन मिनिटांचा’ उपाय

सध्या एक निरोप फिरतोय, मलाच तीन ग्रुपवरून आला. मजकूर साधारण असा: ‘ऑफिसचा पीसी झोपला म्हणून घरून कनेक्ट होत नाही? बायोसमध्ये वेक ऑन लॅन चालू करा. राउटरमध्ये ९ आणि ३३८९ हे पोर्ट उघडा. आता पीसी जगात कुठूनही उठवा, बंद असला तरी! एवढं करूनही नाही जमलं, तर स्लीप कायमची बंद करून टाका.’

वेक ऑन लॅन म्हणजे झोपलेल्या पीसीला नेटवर्कवरून हाक मारून जागं करायची सोय, बायोस म्हणजे विंडोजच्या आधीचं पीसीचं मूळ सेटिंग आणि पोर्ट म्हणजे राउटरमधलं नंबर दिलेलं दार. यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, म्हणूनच ते जास्त छळतं. एकेक घेऊ.

‘बायोसमध्ये चालू केलं की झालं.’ नाही होत. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्येही ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्या’ अशा अर्थाची खूण करावी लागते. तिच्याखालची ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच’ (म्हणजे जागं करायच्या खास हाकेनेच) ही खूणही करा, नाहीतर नेटवर्कवरच्या भलत्याच हालचालीने पीसी रात्री-अपरात्री जागा होईल. शिवाय बायोसमध्ये ईआरपी किंवा डीप स्लीप नावाची वीज वाचवणारी सोय चालू असेल, तर कार्डाची वीजच तोडली जाते. हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पीसी झोपवा आणि मागे वाकून लॅनच्या खोबणीतला दिवा बघा. दिवा विझला असेल तर कार्ड बहिरं झालंय, पुढची सगळी खटपट वाया.

‘९ नंबरचा पोर्ट उघडा आणि कुठूनही उठवा.’ खरी गोम इथे आहे.

मॅजिक पॅकेट म्हणजे काय? आधी सहा वेळा एफएफ हा बाइट, मग त्या कार्डाचा कायमचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस सलग सोळा वेळा. एकूण १०२ बाइट. चिप बनवणाऱ्या एएमडीने १९९५ मध्ये मांडलेली ही रीत म्हणजे कानाशी येऊन सोळा वेळा नाव घेण्यासारखी आहे. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता) कुठला, पोर्ट ९ की ७, याचं झोपलेल्या कार्डाला काही सोयरसुतक नसतं. हाक कानापर्यंत आली पाहिजे, एवढंच. आणि बाहेरून आलेली हाक नेमकी तिथेच अडकते.

राउटरकडे पॅकेट आलं की तो आपल्या नोंदवहीत बघतो: १९२.१६८.१.५० हा पत्ता कोणत्या मॅकचा? नोंद जुनी होऊन पुसली गेली असेल तर तो नेटवर्कभर विचारतो, ‘हा पत्ता कुणाचा?’ जागा पीसी ‘माझा’ म्हणतो. झोपलेला गप्प, आणि उत्तर नाही म्हणून राउटर पॅकेट टाकून देतो. काही कार्डं झोपेतही या प्रश्नाला उत्तर देतात, पण त्या भरवशावर राहू नका.

माझं हसं इथेच झालं. संध्याकाळी घरी पोचून पीसी मुद्दाम झोपवला, दोन मिनिटांनी फोनवरून पॅकेट सोडलं, पीसी टुणकन जागा. ऑफिसच्या ग्रुपवर फुशारकीही मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तेच बटण पंधरा वेळा दाबलं, पीसी ढिम्म. संध्याकाळी नोंद ताजी होती, रात्रीत पुसली गेली, इतकंच. निरोप पुढे ढकलणारे बहुतेक जण त्या दोन मिनिटांच्या प्रयोगावरच खूश असावेत.

मग कुणी सुचवतं, पत्त्याच्या शेवटी २५५ घाला, म्हणजे पॅकेट सगळ्यांनाच जाईल. राउटर बाहेरून आलेलं असं पॅकेट सहसा आत सोडतच नाहीत. एका पिंगवर (‘आहेस का?’ अशा विचारणीवर) अख्ख्या नेटवर्ककडून उत्तरं उसळवून तिसऱ्यालाच बुडवायचा स्मर्फ हल्ला याच वाटेने व्हायचा. म्हणून १९९९ च्या आरएफसी २६४४ या इंटरनेटच्या नियमपत्राने ही वाट मुळातच बंद ठेवायला सांगितलं.

तेव्हा ‘कुठूनही’ हा शब्द खोडा. हाक मारणारं कुणीतरी त्याच नेटवर्कमध्ये जागं हवं: सतत चालू असलेला एखादा नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी), रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड, किंवा राउटरमध्येच वेक ऑन लॅनचं बटण असेल तर तो राउटर. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर या दुरून पीसी वापरायच्या अ‍ॅपची ‘जागं करा’ सोयही सहसा आतल्याच दुसऱ्या जाग्या यंत्राकडून हाक मारून घेते. व्हीपीएनने (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणाऱ्या सुरक्षित वाटेने) आत शिरलात तरी सर्वांना घातलेली हाक बहुधा त्यातून पलीकडे जात नाही. आधी त्या जाग्या यंत्रावर लॉगिन व्हा, मग तिथून पॅकेट सोडा. यंत्र आणि पीसी वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच ऑफिसातल्या पण वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कमध्ये) असतील तर पुन्हा तोच अडथळा.

म्हणून माझा क्रम साधा असतो: आधी ऑफिसमध्येच शेजारच्या टेबलावरून उठवून बघा. तिथून उठला तर दोष रस्त्यात, नाही उठला तर पीसीत.

‘बंद असला तरी.’ विंडोज ८ पासून नेहमीचं शटडाउन म्हणजे बऱ्याचदा फास्ट स्टार्टअप, अर्धवट हायबरनेशन (चालू स्थिती डिस्कवर लिहून वीज बंद करणं). मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार स्लीप आणि हायबरनेटमधून विंडोज वेक ऑन लॅन पाळतं, फास्ट स्टार्टअपमधून नाही. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही! घरी निघताना शटडाउन करू नका, स्लीपच करा.

निरोपात नसलेली एक गोष्ट. पीसी उठतो, तुम्ही पासवर्ड शोधेपर्यंत परत झोपतो. समोर माणूस नसताना जागा झाला तर विंडोज साधारण दोन मिनिटांचीच मुदत देतं. पॉवर ऑप्शन्समध्ये ही वेळ लपलेली असते आणि पडद्यावर दिसणाऱ्या स्लीपच्या वेळेशी तिचा संबंध नाही. उठवल्या उठवल्या कनेक्ट व्हा, नाहीतर ती मुदत वाढवून घ्या.

‘३३८९ उघडा.’ अजिबात नको. हा पोर्ट विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून पीसी वापरायच्या सोयीचा. इंटरनेटवर उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप आपोआप पासवर्ड ठोकून बघणाऱ्यांना लगेच सापडतो. २०१९ मध्ये ब्लूकीप ही त्रुटी निघाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती, यावरून काय ते समजा. व्हीपीएनमधूनच जा.

‘स्लीपच बंद करा.’ हे मात्र मी थेट खोडणार नाही. आठवडाभर बाहेर असाल आणि आत जागं यंत्र ठेवायला कुणी तयार नसेल, तर हाच शहाणपणा. फक्त पडदा बंद होऊ द्या, त्याने रिमोटला काही होत नाही. पण वीज गेली तर स्लीप बंद असूनही पीसी बंदच पडणार, आणि काही मदरबोर्डांवर वीज आल्यानंतर पीसी एकदा सुरू होईपर्यंत लॅन कार्ड हाक ऐकत नाही. बायोसमध्ये ‘वीज परतल्यावर काय करायचं’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो निघण्याआधी ‘चालू’वर ठेवा.