कन्नड शिकायचं, पण कशासाठी?

१ नोव्हेंबर, कर्नाटकचा स्थापना दिवस, जवळ आला की जर्मनीत बसलेल्या माझ्या फोनवर बेळगावचा वाद पेटतो. कर्नाटकात राहता, तर चाळिशीतही कन्नड शिका, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, शिकलात म्हणजे सीमालढा सोडलात. मग पहिल्या बाजूचं कुणीतरी मलाच पुढे करतं: हा बघा, तिकडे जाऊन जर्मन शिकलाच ना!

मला हे पटत नाही. मी आपणहून, पोटासाठी इकडे आलो. बेळगावजवळच्या खानापूरचा शेतकरी कुठेच गेला नाही. १९५६ साली राज्यच बदललं, तो आपल्या बांधावरच होता. दोघांना एकच उपदेश कसा लागू पडेल?

तरी इथलं थोडं सांगतो. परक्यांसाठीच्या सरकारी अभ्यासक्रमात भाषेचे ६०० तास असतात आणि नागरिकत्वाला बी-१ म्हणजे भाषेची मधली पातळी लागते. नुसत्या धाकानं आलेले पास होतात नि वही मिटतात. माझ्या वर्गातली सीरियाची एक आई मात्र पुढेही येत राहिली, कारण मुलाच्या शाळेची पत्रं तिला स्वतः वाचायची होती. केरळच्या नर्सला त्यावरच्या बी-२शिवाय नोंदणी मिळणार नव्हती (तीही सक्तीच म्हणा, पण पगारासकट). शेजारच्या खोलीत निवृत्त जर्मन आजोबा इटालियन गिरवत, निव्वळ हौस म्हणून.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागलेला मराठी पोरगा कुणी न सांगता कन्नड बोलू लागतो. बचत गटातल्या बायका बँकेच्या अर्जापुरती अक्षरं ओळखायला शिकतात. कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत शेतकरी मांडवात बसून व्याख्यानं ऐकतात. त्याला प्रौढ शिक्षण म्हणायचं कुणाला सुचत नाही, कारण शेवटी प्रमाणपत्र मिळत नाही. या माणसांना शिकायचा कंटाळा आहे, हे मला तरी कुणी सांगू नये.

घोडं अडतं ते कन्नडमधल्या सरकारी कागदावर. कागद मराठीत मिळावेत ही मागणी रास्तच आहे, ती सोडायचं कारण नाही. पण सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि जमिनीच्या उताऱ्यावर नाव चुकलं तर ते निकालापर्यंत तसंच ठेवून चालत नाही. गावच्या वाचनालयात, आपल्याच माणसांनी, संध्याकाळी कन्नड उतारा वाचायचा वर्ग काढावा. पुस्तक नको, ज्यानं त्यानं घरचा कागद आणावा. फक्त भातलावणीच्या दिवसांत काढू नका, कुणी फिरकणार नाही.