देवाचं पाणी आणि दीडशे येन

आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद चाललाय, कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर तिकीट लावावं की नाही. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणतो देवाचं पाणी आहे, त्याचे कसले पैसे घेता. वर मला उद्देशून, "तुम्ही जपानात हजारो मोजून आंघोळी करा, आम्हाला शिकवू नका." हे मला लागलं.

कारण मी गेल्याच रविवारी टोकियोजवळच्या हाकोनेहून, गरम झऱ्यांच्या डोंगराळ भागातून, परत आले. टोकियोतल्या शिंजुकूहून रोमान्सकार ट्रेन, पुढे बसने सेनगोकुहारा. छोटंसं र्‍योकान, म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी अतिथीगृह, तातामी चटयांचा तो सुक्या गवताचा वास, तिथल्या सेविका नाकाइसान चहा ठेवून गेल्या आणि जेवणाआधी ४५ मिनिटं कशिकिरी बाथ, म्हणजे तेवढा वेळ राखून घेतलेलं, फक्त आपलं. दारावरची लाकडी पाटी उलटी करायची, बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग चोळून स्वच्छ धुवायचं, मगच पाण्यात उतरायचं. ओवाकुदानी या ज्वालामुखीच्या दरीतलं दुधाळ, गंधकाच्या वासाचं पाणी, त्यात साबणाचा फेस कधी दिसत नाही. आणि आपल्या कुंडांवर शांपूच्या पुड्या किती असतात ते दादानेच सांगावं.

बिलात माणशी दीडशे येन ओन्सेनचा, म्हणजे गरम झऱ्याच्या आंघोळीचा, टॅक्स वेगळा दाखवलेला असतो. झऱ्यांची काळजी, स्वच्छता, अग्निशमन, पर्यटन, यासाठीच असतो तो, कुणी कुरकुर करत नाही. १९४८ पासून कायदाच आहे की उगमाशी पाणी २५ अंशांचं तरी हवं, नाहीतर ठरवलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेसा हवा, तरच ते ओन्सेन. आणि देव काय इथे नाहीत? किनोसाकी या ओन्सेनच्या गावी पूर्वी लोक आधी ओन्सेनजी नावाच्या देवळात जायचे मग आंघोळीला. देवाचं आहे म्हणूनच नीट ठेवायचं ना दादा, फुकट म्हणजे पवित्र हे कुठून आलं?

राहणं महाग आहे, कबूल. दोघांचे एका रात्रीचे पन्नास हजार येन गेले.

पण कशिकिरीच का घेते ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. नऊ वर्षं झाली इथे, तरी बायकांच्या मोठ्या बाथमध्ये सगळे कपडे काढून उतरायचं मला जमत नाही. दोनदा दारातून परत आले. ऑफिसातल्या मैत्रिणी बोलावतात, मी पाठ दुखतेय सांगते. आणि दोन वर्षांपूर्वी आई आली होती तेव्हा ती परकर छातीशी बांधूनच पाण्यात उतरली, इथे साधा टॉवेलसुद्धा पाण्यात चालत नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी तिला काही बोलले नाही. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "अगदी उन्हवऱ्यासारखा वास येतोय गं." उन्हवरे म्हणजे कोकणातलंच गरम पाण्याच्या कुंडाचं गाव. इतकी खूश मी तिला टोकियोत कुठेच बघितली नव्हती.

तिकिटाबद्दल माझं मत तेच आहे, दहा नाही वीस घ्या, पण कुंड स्वच्छ ठेवा. काल रात्री दादाने विचारलं, तू शेवटची उन्हवऱ्याला कधी गेलीस? उत्तर द्यायला मला वेळ लागला. २००९, आजीबरोबर. तिने तांब्याने माझ्या पाठीवर पाणी ओतलं होतं, आणि तिकीट नव्हतं तरी निघताना देवापुढे नारळ ठेवल्याशिवाय ती तिथून हलली नव्हती.