चापटीनं ससा सुधारत नाही: निपाणीच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

सशांच्या खेळावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी सशांना उगाच डोक्यावर चढवून ठेवतो असं तुमचं म्हणणं, तुमची सात महिन्यांची मादी वाटी भरायला गेलं की अंगावर येते, परवा मुलाचं बोट रक्त येईपर्यंत चावली, आणि "सगळ्याला खेळ म्हणू नका, दोन चापट्या दिल्या की सुधारेल" असं लिहिलंय. शेतातले ससे माणूस दिसला की पळतात मग हीच कशी उलटी येते, हेही विचारलंय.

जिथं तुमचं बरोबर आहे ते आधी. पायाभोवती गोल गोल फिरणं म्हणजे खेळ असं मी मागं सरसकट लिहिलं, ते अर्धंच होतं. चार-सहा महिन्यांचा झालेला ससा घूं घूं करत पायाभोवती फिरतो तेव्हा बहुतेक वेळा तो वयात आलेला असतो, आपल्या पायालाच जोडीदार समजतो. खरा खेळ वेगळा दिसतो, पळता पळता एकदम हवेत उडी आणि उडीतच डोकं एकीकडं, कंबर दुसरीकडं झटकायची. ससे पाळणारे त्याला बिंकी म्हणतात, एकदा बघितली की परत ओळखायला चुकत नाही. लेखात ही दुरुस्ती करतोय.

पण चापटीचं अजिबात पटलं नाही ओ. आपल्या शेतात उसाच्या बांधावरनं पळतो तो रानससा, प्राणीच वेगळा. तो बीळ करत नाही, एकटाच गवतात दबून बसतो आणि वेळ आली की धूम ठोकतो, त्याची पिल्लंसुद्धा केसाळ आणि डोळे उघडी अशी जन्मतात. घरातला ससा हा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज, ते गटानं राहतात, पिल्लं उघडीनागडी आणि डोळे मिटलेली असतात त्यामुळं बीळ राखावंच लागतं, आणि चांगल्या बिळासाठी माद्या एकमेकींशी जोरात भांडतात. तुमच्या मादीसाठी तो पिंजरा म्हणजे तिचं बीळ. त्यात वरनं हात येतो. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूला, त्याला मागचं-वरचं छान दिसतं पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही, म्हणजे आधी घार झडप घालावी तसा हात आणि मग तो नाकापाशी येऊन गायब. तिनं करायचं काय?

आमच्या सशाचं, कुंदाचंही हेच होतं (रंग अगदी भाजलेल्या कुंद्याचा, म्हणजे त्या बेळगावी मिठाईचा, म्हणून कुंदा, शेजारच्या अक्का मात्र कन्नडमध्ये 'मोला' म्हणूनच हाक मारतात). मी पिंजरा झाडायला हात घातला की कान मागं चप्प, शेपटी ताठ, घशातनं हुर्र असा आवाज, आणि पुढचे दोन्ही पाय ढोलकीवर थाप मारावी तसे माझ्या मनगटावर. आणि तीच दहा मिनिटांनी सोप्यात येऊन माझ्या हाताखाली डोकं घालून, कपाळ चोळ म्हणून बसायची. माणूस तोच, हात तोच, बदलली फक्त जागा. आई फरशी पुसून उठली की कुंदा लगेच फेरीला निघते, देवघराचा पाट, सिलेंडर, माझ्या चपला, सगळ्यांना हनुवटी घासत. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, पुसलेला वास परत लावायला नको का! आपल्याला तो वास येतसुद्धा नाही.

आम्ही एवढंच केलं, आधी तिला बाहेर येऊ द्यायचं, मग वाटी भरायची आणि मगच झाडलोट, आणि लेंड्यांतल्या चार तिथंच ठेवायच्या म्हणजे जागा तिचीच वाटते. हात वरनं नाही, बाजूनं. पंधरा-वीस दिवसांत हुर्र कमी झालं. त्याउलट चापट मारली तर ती एवढंच शिकणार की हात आला की मार बसतो, मग हात दिसायच्या आधीच चावेल, आणि मुलांनाच जास्त.

सात महिने हे वयही अवघडच असतं, म्हणून नसबंदीचं ऑपरेशन मनावर घ्या. राग लगेच नाही जात, थोडे आठवडे लागतात, पण मादीला वय वाढल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर व्हायचा धोका फार असतो तोही टळतो. सशांची ऑपरेशनं केलेलेच डॉक्टर शोधा. आम्हाला एका ठिकाणी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणून सांगितलं होतं, मी तिथनंच परत फिरलो, कारण सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतडंच थांबतं.

मुलाच्या बोटाला साबणानं धुऊन डॉक्टरांना दाखवलंत ना? आणि पिंजऱ्याचं दार वरनं उघडतं की बाजूनं, तेवढं कळवा. वरनं असेल तर आधी तेच बदलू.