मुळ्यांच्या मुळावर

माझं नाव गोपाळ मुळे. हे वाक्य तुम्ही सहज वाचून पुढे गेलात, मी मात्र ते गेली चाळीस वर्षं सिद्ध करतोय. नावात एक ळ, आडनावात दुसरा. मराठीत एकही शब्द ळ नं सुरू होत नाही. तो बिचारा कायम मध्ये नाहीतर शेवटी उभा. आणि रांगेत मध्ये-शेवटी उभं राहणाऱ्यांचं आपल्याकडे जे होतं, तेच त्याचं होतं.

परवा बँकेतून फोन आला. "गोपाल म्यूल बोल रहे हैं?"

म्यूल म्हणजे खेचर, एवढं इंग्रजी मला येतं. चूक त्या बाईंची नव्हती. आजोबांच्या दाखल्यावर आडनाव एम-डबल ओ-एल-ए-वाय असं होतं, वडिलांच्या वेळी डबल ओचा यू झाला आणि शेवटी ई-वाय आलं. माझ्या वेळी हेडमास्तरांना घाई असावी, त्यांनी वाय गाळला आणि तिसऱ्या पिढीत घराण्याचं खेचर झालं. वाय असता तर निदान सातबाऱ्यावर वारस लावताना वडील माझेच आहेत हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागलं नसतं.

केवायसीसाठी बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलानं ओळखपत्र पाहिलं, खातं पाहिलं, मला पाहिलं.

"काका, इथे 'गोपाल मुले' आहे आणि पासबुकावर 'गोपाळ मुळे'. दोन वेगळी माणसं दिसतात."

"एकच आहे रे बाबा. ओळखपत्र काढताना तिथल्या पोरानं माझं नाव इंग्रजीत टाइप केलं आणि संगणकानं त्याचं परत मराठी केलं."

म्हणजे देवनागरीतून निघालेलं नाव रोमनचा फेरा मारून पुन्हा देवनागरीतच घरी आलं, पण येताना दोन्ही ळ गाडीत विसरून आलं. इंग्रजीत ल आणि ळ दोघांनाही एकच एल. परतीच्या वाटेवर संगणक विचारत नाही की यातला कुठला. समोर दिसेल तो ल उचलतो. एका मुलीवर थांबलेला मी माणूस, सरकारी कागदावर 'मुले' झालो. गंमत म्हणजे 'ओळख' या शब्दातच ळ आहे.

तेवढ्यात त्या मुलानं आतल्या केबिनकडे मान वळवून मोठ्यानं विचारलं, "मॅडम, म्यूल अकाउंटचं काय करायचं?"

अख्खी शाखा वळली. दारावरच्या गार्डनं बंदूक सावरली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: भामटे लोक लुटलेले पैसे ज्या तिसऱ्याच्याच खात्यातून फिरवतात, त्याला बँकवाले म्यूल अकाउंट म्हणतात. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं 'म्यूलहंटर' नावाची प्रणालीसुद्धा काढली आहे. एका अक्षरापायी माझ्यामागे शिकारी लागायची वेळ आली.

मग मात्र माझी सटकली. म्हटलं, "अरे, ळ म्हणजे काय ऐरागैरा वाटला? ऋग्वेदाची सुरुवात काय आहे? अग्निमीळे पुरोहितम्! सुरुवातीलाच ळ! पुढच्या संस्कृतनं तो टाकला, ईळे चं ईडे केलं. पण मराठीनं ळ सांभाळला, वाढवला. फल चं फळ केलं, कमल चं कमळ, काल चा काळ, मूल चं मूळ."

मुलगा शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे काका, ओरिजिनल ल च होता ना? मग तोच ठेवू या की."

ऋग्वेदापासून सुरुवात करून मी स्वतःच खड्ड्यात गेलो होतो. तरी शेवटचा बाण काढला: अभ्यासक लोक रोमनमध्ये ळ लिहिताना एलखाली ठिपका देतात, तो देऊन टाका. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, विशेष चिन्हं चालणार नाहीत.

हिंदीवाल्यांवर राग काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या वर्णमालेत ळ नाहीच, ते तरी काय करणार? जिथे बाळ गंगाधर टिळकांचे 'बाल गंगाधर तिलक' झाले, तिथे गोपाळ मुळ्याची काय कथा. आपल्या धुळ्याचं त्यांच्याकडे 'धुले' होतं, म्हणजे नावातली धूळच धुऊन निघते. आणि आपण तरी कुठे सोवळे आहोत? त्यांच्या 'पढ़ना' आणि 'पड़ना'चे नुक्ते आपण सर्रास खातो आणि वर शुद्धलेखनावर व्याख्यानं देतो.

शेवटी केबिनमधल्या मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या मिस्टर मुळे." स्वच्छ, ठसठशीत ळ! मला भरून आलं. मॅडम केरळच्या. मल्याळममध्ये ळ नांदता आहेच, शिवाय त्याच्यासारखा ऐकू येणारा आणखी एक जिभेला पीळ देणारा वर्णही आहे, ज्याच्यासाठी ते रोमनमध्ये झेड-एच लिहितात. कोळिकोड, आलप्पुळा यांच्या स्पेलिंगमध्ये तो झेड-एच असतो.

माझ्या डोक्यात दिवा पेटला. "मग मीही झेड-एच लावला तर?"

"नको," मॅडम हसून म्हणाल्या. "तो वेगळा. तुमचा ळ आम्हीसुद्धा एलनंच लिहितो."

ऐकेन तर मुळे कसला. बँकेत जमलं नाही, पण घरी येऊन एका खरेदीच्या ॲपवर, जिथे कागदपत्रं कुणी मागत नाही, आडनाव बदललं: एम-यू-झेड-एच-ई. बायको म्हणाली, "अहो, कशाला नसते उद्योग?" पण मी पायमोजे मागवले.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर आवाज चढलेले ऐकू आले. पार्सलवाला पोरगा आमच्या वॉचमनशी हुज्जत घालत होता. आमचा वॉचमन साताऱ्याचा, हिंदीशी त्याचं मुळातच जमत नाही.

"किसका पार्सल है?"

"मुझे का."

"तुझं हाय तर तूच ठिव की. हितं कशाला आणलंस?"

पायमोजे परत गेले.